गाडीच्या ब्रेक डिस्क आणि पॅड बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांसाठी आहे: पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही अंगांनी पॅड दाबणारा चिमटा. हॅचबॅक, छोट्या सेडान आणि बऱ्याचशा छोट्या एसयूव्ही यातच येतात. नवा पॅड जागेवर बसवायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ साफसफाईत जातो, आणि पुढची दोन-तीन वर्षं ब्रेक कसे लागतील हे त्या साफसफाईवरच ठरतं. खाली घासण्या-पुसण्याबद्दल बरंच लिहिलं आहे, ते गाळून पुढे जाऊ नका.

पॅड संपत आले हे कसं ओळखायचं?

नव्या पॅडवरचं घर्षणाचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी जाड असतं. मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. मटेरियल ३ मिमीवर आलं की पॅड मागवा, २ मिमीच्या खाली चालवू नका. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून बारीक किरकिर करते. चाक फिरताना सतत येणारा आणि पेडल दाबल्यावर बदलणारा आवाज बहुधा तिचा असतो. खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मटेरियल संपून पट्टी डिस्कला लागली आहे. मग डिस्कही गेलीच समजा.

टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली जात असेल तर तेही पॅड झिजल्याचं लक्षण आहे, कारण पिस्टन जितका बाहेर येतो तितकं ऑइल त्याच्या मागे जाऊन बसतं. आधी पॅड तपासा. नुसतं ऑइल वर भरलं, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल टाकीतून बाहेर सांडतं.

अलॉय व्हीलच्या फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला बरेचदा जास्त झिजलेला असतो, त्यामुळे चाक काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

किती किलोमीटरला बदलायचे?

ठरलेला आकडा नाही. शहरातल्या सिग्नलांच्या रहदारीत पॅड २५-३० हजारांतही संपतात, महामार्गावर चालणाऱ्या गाडीचे ६० हजारांपर्यंत जातात. ऑटोमॅटिक गाडीचे लवकर झिजतात. दर १० हजार किमीला जाडी मोजणं हा एकच भरवशाचा मार्ग. डिस्क साधारणपणे पॅडचे दोन संच झिजेपर्यंत टिकते.

पॅडबरोबर डिस्क बदलावीच लागते का?

दर वेळी नाही. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते: ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा. नवी हवेशीर (आत हवेसाठी फटी असलेली) डिस्क २२ मिमीची असेल तर ही मर्यादा बहुधा २० मिमी असते, म्हणजे झिजायला फक्त २ मिमी. मोजलेली जाडी मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर डिस्क बदला, कारण नवे पॅड संपेपर्यंत ती मर्यादेखाली जाणार. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला लोखंड कमी उरतं. ती लवकर तापते आणि तडकू शकते.

मोजताना एक चूक नेहमी होते. डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच धार राहते. साधा व्हर्नियर त्या धारेवर बसतो आणि डिस्क जाड असल्याचं दाखवतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन एकसारखी नाणी डिस्कच्या दोन्ही अंगांना, झिजलेल्या भागावर धरा, वरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. गोलाकार सहा-आठ जागी मोजा.

जाडी पुरेशी असली तरी पुढच्या तीन गोष्टी दिसल्या तर डिस्क काढूनच टाका: कडेपर्यंत गेलेली तडा, नखाला ठळक अडकणाऱ्या खोल चरा, आणि घर्षणाच्या पृष्ठभागावर खड्डे पाडणारा गंज. पृष्ठभागावरचे निळसर डाग डिस्क खूप तापली होती असं सांगतात. अशा वेळी कॅलिपर अडकतो का ते आधी बघा.

लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग तासून) जुनी डिस्क वापरली तर?

फेसिंगनंतर उरणारी जाडी किमान मर्यादेपेक्षा बरीच वर राहणार असेल तरच. छोट्या गाड्यांच्या डिस्कमध्ये मुळात दोनच मिलिमीटर हाती असतात, आणि दोन्ही अंगांनी थोडं थोडं घेतलं की ते संपतात. शिवाय लेथवर डिस्क नीट मध्यावर धरली नाही तर काम आधीपेक्षा बिघडतं. आमचं मत स्पष्ट आहे: हॅचबॅकच्या डिस्कला फेसिंग करत बसू नका, नवी जोडी घ्या.

एकाच बाजूचा पॅड झिजला आहे. तेवढाच बदलला तर चालेल?

नाही. एका ॲक्सलचे, म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे, चारही पॅड एकदम बदलतात, डिस्कही जोडीनेच. दोन बाजूंची पकड वेगळी झाली की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, आणि ओल्या रस्त्यावर ते फार धोक्याचं आहे. एक बाजू जास्त झिजली याला मात्र कारण असतं. ते शोधल्याशिवाय नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजलाय. असं का होतं?

सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. या गाइड पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतला पॅड करतो आणि पेडल सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो.

पिस्टन मागे येतो तो स्प्रिंगने नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या चौकोनी छेदाच्या रबरी सीलमुळे. दाबाने सील थोडं पिळलं जातं, दाब सुटला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. पिस्टनवर गंज चढला तर एवढ्याशा ताकदीने तो हलत नाही. म्हणून असमान झीज दिसली की पिना, पिस्टन आणि ब्रॅकेटमधल्या (कॅलिपर आणि पॅड धरणारी चौकट) पॅडच्या खाचा हे तिन्ही तपासा. पॅड लांबीत तिरका झिजला असेल तर बहुतेक वेळा एक पिन अडकलेली असते.

कोणते पॅड घ्यावेत?

रोजच्या वापराला कंपनीचे मूळ पॅड किंवा त्याच दर्जाचे नामांकित पुरवठादारांचे पॅड उत्तम. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, डिस्कला जपतात, पण लांब उतारावर लवकर दमतात, म्हणजे तापून पकड गमावतात. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात, पण आवाज आणि काळी धूळ जास्त. सिरॅमिक महाग, शांत आणि कमी धुळीचे. पाकिटावर ॲस्बेस्टॉस-मुक्त असल्याचं लिहिलेलं असावं.

गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल प्रकारांत किंवा वेगवेगळ्या वर्षांत डिस्कचा व्यास बदलतो, आणि गाडी जॅकवर चढवल्यावर ते कळणं फार त्रासाचं. मूळ पार्टच्या नावाने नकली माल बराच विकला जातो, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत दुकानातूनच घ्या.

काय काय साहित्य लागेल?

जॅक आणि दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायला ठोकळे, चाकाचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट-बोल्ट आवळणारा पाना). कॅलिपरच्या पिनेचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ मिमीचे असतात, ब्रॅकेटचे १७ मिमीचे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना पिनेसाठी ७ मिमीची ॲलन की लागते. पिस्टन ढकलायला सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा एक कॅन, कॅलिपर टांगायला जाड तार, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस आणि मास्क. डिस्क स्क्रूने बसवलेली असेल तर इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर लागतो. साध्याने त्या स्क्रूचं डोकं झिजतं.

नव्या पॅडबरोबर ब्रॅकेटच्या खाचेत बसणाऱ्या स्टीलच्या क्लिपा आल्या नसतील तर त्या वेगळ्या मागवा. जुन्या क्लिपांचा ताण गेलेला असतो.

कामाचा क्रम काय?

गाडी सपाट, कठीण जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करू नका, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. चाक काढल्यावर स्टिअरिंग सोयीच्या बाजूला वळवलं की कॅलिपरचे बोल्ट समोर येतात. मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी नमुना म्हणून राहते.

टाकीचं झाकण उघडा आणि ऑइल काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

खालच्या पिनेचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. डिस्क बदलायची असेल तर दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. नळी आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पॅड काढा, आतला-बाहेरचा शेजारी ठेवून झीज बघा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क मोकळी होते.

इथून खरं काम सुरू होतं. हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) सपाट चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, स्टडच्या बुंध्याभोवतीही. हबच्या कडेला एका जागी कागदाच्या जाडीचा, म्हणजे ०.१ मिमीचा गंज राहिला तर डिस्क तिरकी बसून फिरताना डोलते, आणि तिच्या बाहेरच्या कडेला तो डोल जवळपास दुप्पट होतो. बऱ्याच गाड्यांत डिस्कचा डोल ०.०५ ते ०.१ मिमीच्या आत लागतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण डोलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासते, तिथे पातळ होत जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरू लागतं. तेव्हा सगळे ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात. डिस्क क्वचितच वाकते. तिची जाडी असमान झालेली असते, आणि सुमारे ०.०२ मिमीचा फरकही हाताला जाणवतो.

ब्रॅकेटमध्ये क्लिपा बसतात ती जागाही घासून उघडी करा. क्लिपेखाली गंज फुगला की पॅड खाचेत आवळून बसतो. पिना बाहेर ओढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन बदला, रबरी बूट फाटलं असेल तर तेही. एका पिनेवर रबरी बुशिंग असेल तर ती कोणत्या जागेची आहे हे लक्षात ठेवा. वरची-खालची बदलली की कॅलिपर अडकतो.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने दोन्ही अंग पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. डिस्क हबवर बसवून एक-दोन नट हाताने लावा म्हणजे ती सरळ राहते. ब्रॅकेट, क्लिपा, पॅड, कॅलिपर या क्रमाने जोडा. आवाजाची जीभ असलेला पॅड फोटोत होता त्याच जागी गेला पाहिजे.

टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. छोट्या गाड्यांत पिनेचे बोल्ट साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे ८० ते ११० आणि चाकाचे नट ८५ ते १२०. चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा. एअर गनने वेडेवाकडे आवळलेले नट डिस्क तिरकी बसवतात आणि हबची सगळी घासाघीस वाया जाते.

शेवटची पायरी चुकवली तर अपघात होतो: गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जातं. मग टाकीतली पातळी बघा आणि अंगणातच हळू चालवून ब्रेक तपासा.

पिस्टन मागे जात नाही. काय करू?

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर उघडा असेल तर तिकडचा पिस्टन बाहेर येऊ शकतो. एका वेळी एकच बाजू खोलायचं हे आणखी एक कारण. तरीही हलत नसेल तर ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरवरचा, हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल करून त्याला पारदर्शक नळी लावा आणि दाबा. आता सहज गेला, तर पिस्टन ठीक आहे आणि रबरी नळी आतून फुगलेली असण्याची शक्यता मोठी. निपल दाब सोडण्याआधी बंद करा, नाहीतर हवा आत जाईल. निपल उघडूनही पिस्टन हटत नसेल तर कॅलिपर खोलून नवं सील किट टाकावं लागेल किंवा कॅलिपरच बदलावा लागेल.

डिस्क हबला चिकटली आहे, हातोडा मारू का?

आधी डिस्कच्या टोपीवर दोन आट्यांची भोकं आहेत का बघा. जपानी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत ८ मिमीचे बोल्ट त्यात आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते. भोकं नसतील तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा आणि रबरी हातोड्याने टोपीवर गोल फिरत ठोका. जुनी डिस्क फेकायचीच असली तरी जोराचे घाव व्हील बेअरिंगला बसतात.

ग्रीस कुठे आणि कोणतं?

गाइड पिनांवर सिलिकॉन किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं सिंथेटिक ग्रीस, पातळ थर. पॅडच्या कानांना क्लिपांशी टेकतात तिथे आणि पट्टीच्या मागे पिस्टन टेकतो तिथे उष्णता सोसणारी ब्रेक पेस्ट, बोटाने पुसल्यासारखी. साधं बेअरिंगचं ग्रीस वापरू नका. पेट्रोलियमने ब्रेकचं रबर फुगतं आणि पिना महिन्याभरात अडकतात. त्याच कारणाने रबराचे भाग पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका. पॅडच्या घासणाऱ्या अंगावर ग्रीस लागलं तर तो पॅड वापरू नका.

मागेही डिस्क असेल तर?

क्रम तोच, पण ठोकळे पुढच्या चाकांना लावा, हँडब्रेक सोडून ठेवा, आणि पिस्टन वेगळा. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्पने रेटला तर आतली यंत्रणा तुटते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या क्रियेने त्याला सर्व्हिस मोडमध्ये टाका.

ब्रेक ऑइल बदलायचं का? हवा काढावी लागते का?

नळी किंवा निपल उघडलं नसेल तर हवा काढायची गरज नाही. ऑइल मात्र दर २ वर्षांनी बदला. ते हवेतली वाफ शोषतं आणि त्याचा उत्कलनांक घसरतो: डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) साठी किमान मर्यादा कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ साठी २३० आणि १५५. झाकणावर लिहिलेलाच प्रकार घ्या. सिलिकॉनवाला डॉट ५ यांत कधीही मिसळू नका. उघडून ठेवलेली जुनी बाटलीही वापरू नका.

नवे पॅड बसल्यावर बेडिंग (पॅड आणि डिस्क एकमेकांना जुळवणं) कसं करायचं?

रिकाम्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत या, पुन्हा वेग घ्या, अर्धा मिनिट डिस्क थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, कारण तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक फारसे न लावता चालवा. त्यानंतरचे २००-३०० किमी सांभाळून, अंतर राखून चालवा.

काम झालं, पण आवाज येतोय किंवा पेडल खोल जातंय.

पहिल्या दोन दिवसांतली हलकी घासघास बेडिंगबरोबर जाते. तीक्ष्ण किंचाळी राहिली तर क्लिपा, पट्टीमागचे आवाज दाबणारे पत्रे आणि पेस्ट तपासा. खडखड येत असेल तर क्लिप निसटली आहे किंवा पिनेचा बोल्ट सैल आहे, गाडी लगेच थांबवा. पेडल मऊ असेल तर हवा शिरली आहे. पेडल कडक, पण पकड कमी वाटली तर बेडिंग झालेलं नाही किंवा पॅडला तेल लागलं आहे. एक चाक गरम होऊन जळका वास येत असेल तर कॅलिपर अडकला आहे.

पावसाळ्यात डिस्क रात्रीत लाल होते. काळजीचं आहे का?

नाही. डिस्क बिडाची असते. पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो थर निघून जातो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर मात्र गंज खड्डे पाडतो आणि पॅड डिस्कला चिकटतात. अशा गाड्यांच्या पिना दरवर्षी पावसाळा संपल्यावर काढून साफ करा. इलेक्ट्रिक गाड्यांनाही हेच लागू: मोटरच बराच वेग कमी करते, त्यामुळे डिस्क झिजण्याआधी गंजते.

घाट उतरताना ब्रेक दमतात, ते पॅडमुळे का?

बहुतेक वेळा उतरण्याच्या पद्धतीमुळे. आंबोली, ताम्हिणी किंवा पसरणीच्या उतारावर पाय सतत हलका टेकवून ठेवला की डिस्कला थंड व्हायला सवडच मिळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने वेग धरा, ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे लावा आणि पूर्ण सोडा. पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळू लागलं आहे. सुरक्षित जागी थांबा, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकते. घरी आल्यावर ऑइल बदलून घ्या.

स्वतः करायचं नसेल तर गॅरेजमध्ये काय बघू?

आधी पाना हातात धरलेला नसेल तर पहिल्यांदा हे काम गॅरेजमध्येच करून घ्या, पण समोर उभे राहा. काम देतानाच तीन गोष्टी सांगा: हब घासायचा, पिना काढून नवं ग्रीस लावायचं, चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने आवळायचे. पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ओल्या कापडाने पुसायला सांगा. डिस्क बदलायला सांगितली तर जाडी मोजून दाखवायला सांगा आणि डिस्कवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. बिलात पॅडचा संच, डिस्कची जोडी, क्लिपा आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, जुने भाग परत घ्या, आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.